न परतलेले डॉक्टर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न मला पडलाच नाही. माझा विषय गेली काही वर्षे आमच्या स्वयंपाकघरातील फळीवर दोन लहानशा डब्यांत बसलेला आहे.

त्याचे असे झाले. माझ्या हातांच्या बोटांचे सांधे सुजू लागले. कणीक मळणे तर सोडाच, सकाळच्या वेळी चहाच्या कपाचा कान धरवेना. डॉक्टरांनी आमवात असे निदान केले आणि आठवड्यातून एकदाच घ्यावयाची मेथोट्रेक्सेट नावाची बारीक पिवळी गोळी दिली. ही चुकूनही रोज घ्यायची नाही, असे त्यांनी दोनदोनदा बजावले. त्याबरोबर दुसऱ्या दिवशी घेण्यासाठी फॉलिक आम्लाची गोळी लिहून दिली. ही दुसरी कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले की पहिली गोळी शरीरात ज्याची वाट अडवते तेच या दुसऱ्या गोळीत आहे. म्हणजे रविवारी ज्याला दारातून हाकलायचे त्यालाच सोमवारी पाट मांडून बसवायचे! हे कोडे मला स्वस्थ बसू देईना. नातीला हाताशी धरून मी वाचू लागले, आणि या दोन्ही डब्यांच्या मुळाशी एकच माणूस निघाला. त्याचे नाव डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव.

ज्यांच्या घरात कोणाला रक्ताचा कर्करोग झाला असेल, त्यांच्याही कानांवरून मेथोट्रेक्सेट हे नाव गेले असेल. गरोदरपणी लोहाबरोबर फॉलिक आम्लाची गोळी तर आपल्या मुलीसुनांपैकी प्रत्येकीने घेतली आहे. परंतु त्यामागच्या माणसाचे नाव मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते, आणि माझी खात्री आहे की आपल्यापैकी पुष्कळजणींना ते आजही ठाऊक नसेल.

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे झाला. त्या काळी हा मुलूख मद्रास इलाख्यात मोडत असे. गोदावरीच्या मुखाजवळचा हा सुपीक प्रदेश. भाताची हिरवीगार शेते, कालवे, आणि त्या पाण्याबरोबर येणारे डास व हत्तीपाय रोग. वडील जगन्नाथम सरकारी महसूल खात्यात होते. पण प्रकृतीने त्यांची नोकरी टिकू दिली नाही. घरात मुले बरीच आणि मिळकत तुटपुंजी. आई वेंकम्मा हीच त्या घराची खरी कर्ती.

मुलगा हुशार होता असे म्हणावे, तर मॅट्रिक व्हायला त्याला तीन खेपा लागल्या. तेराव्या वर्षी तर तो एका भावंडाला बरोबर घेऊन काशीला पळून निघाला होता. बेत असा की, यात्रेकरूंना केळी विकून पैसा मिळवायचा! वाटेतच दोघे पकडले गेले. वेंकम्मांनी त्याला पुन्हा शाळेत घातले, राजमहेंद्रीला ठेवले आणि शिक्षणासाठी आपले दागिने विकले असे सांगतात. पुढे मद्रासला कॉलेजात असताना मुलाच्या मनाने निराळाच ओढा घेतला. रामकृष्ण मिशनमध्ये जाऊन संन्यास घ्यावा, असे त्याला वाटू लागले. आईने संमती दिली नाही. मातेच्या अनुज्ञेवाचून संन्यास नाही, तेव्हा सेवाच करायची तर वैद्यक शिकून कर, असा मार्ग निघाला. या ठिकाणी मला थोडे थांबावेसे वाटते. एका विधवेने त्या दिवशी मनाचा हट्ट धरला नसता, तर जगाला एक संन्यासी अधिक मिळाला असता आणि बरीच औषधे कमी मिळाली असती.

मद्रास मेडिकल कॉलेजात त्यांच्या शिक्षणाला मित्रांनी हात दिला, तसाच कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती या गृहस्थांनीही दिला. त्यांचीच कन्या शेषगिरी हिच्याशी सुब्बारावांचा विवाह झाला. तिच्याविषयी मी शेवटी सांगणार आहे. परंतु वाचक भगिनींनी तिला आत्तापासूनच ध्यानात ठेवावे.

गांधीजींची असहकाराची हाक त्याच सुमारास देशभर दुमदुमली. सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या दालनात खादीचा अंगरखा घालून जाऊ लागले. शल्यवैद्यकाचे इंग्रज प्राध्यापक ब्रॅडफील्ड यांना ते रुचले नाही. लेखी उत्तरपत्रिका चांगल्या असूनही सुब्बारावांना एम.बी.बी.एस.ची पदवी मिळाली नाही. तिच्यापेक्षा खालची एल.एम.एस. मिळाली. मद्रासच्या सरकारी वैद्यकीय सेवेचे दारही उघडले नाही. खादीच्या एका अंगरख्याची किंमत त्यांना अशी मोजावी लागली. तथापि, ही पदवी मिळाली असती तर ते सरकारी इस्पितळात डॉक्टर होऊन, यथाकाल पेन्शन घेऊन भीमावरमला परतले असते, हेही खरे.

याच वर्षांत घरावर मोठा घाला पडला. त्यांचे दोन भाऊ स्प्रू या रोगाने पाठोपाठ गेले. आपल्याकडे ज्याला संग्रहणी म्हणत आले तशातलाच हा रोग. खाल्लेले अंगी लागत नाही, जुलाब थांबत नाहीत, जीभ सोलवटते, रक्त पाण्यासारखे होते, आणि माणूस डोळ्यांदेखत झिजून जातो. त्या वेळच्या वैद्यकाला याचे कारण ठाऊक नव्हते. पुढे सुब्बारावांनाही त्याच दुखण्याने धरले. ते बरे झाले ते मद्रासचे आयुर्वेदाचे पंडित डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या उपचाराने. (यांच्या पत्नी रुक्मिणी लक्ष्मीपती यांना १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास झाला. त्या सत्याग्रहात कारावास भोगणाऱ्या त्या पहिल्या महिला म्हणून ओळखल्या जातात.) लक्ष्मीपतींच्या आयुर्वेदीय महाविद्यालयात सुब्बाराव शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. आयुर्वेदातील औषधांचा गुण येतो हे त्यांनी स्वतःच्या देहावर अनुभवले होते. पण तो का येतो, हे सांगता येत नव्हते. तो का त्यांना बोचत राहिला.

अमेरिकेहून आलेल्या एका डॉक्टरशी गाठ पडली आणि पुढच्या शिक्षणासाठी तिकडे जावे, असे मनाने घेतले. काकिनाडा येथील सत्यलिंग नाईकर धर्मादाय निधीने मदतीचे आश्वासन दिले, सासऱ्यांनी पैसे उभे केले, आणि २६ ऑक्टोबर १९२३ रोजी सुब्बाराव बोस्टनला जाऊन पोहोचले. वय अठ्ठावीस. शेषगिरी मागे राहिली.

हार्वर्ड विद्यापीठात उष्णकटिबंधातील रोगांचे शिक्षण देणाऱ्या शाळेत त्यांना प्रवेश मिळाला. परंतु शिष्यवृत्ती नव्हती, आणि हिंदुस्थानातल्या परवान्यावर तेथे वैद्यकी करता येत नव्हती. म्हणून पीटर बेंट ब्रिगम इस्पितळात त्यांनी रात्रपाळीचे हमाली काम धरले. दारे उघडायची, चादरी बदलायच्या, रोग्यांची भांडी धुवायची. ज्या मुलाची भांडी घरी आईने किंवा बहिणीने धुतली असतील, त्याने सातासमुद्रांपलीकडे जाऊन परक्यांची लघवीची भांडी घासली. दिवसा वर्ग, रात्री हे काम.

तेथील पदविका मिळाल्यावर ते हार्वर्डच्या जीवरसायन विभागात सायरस फिस्क यांच्या हाताखाली लागले. शरीरातील रसांत आणि पेशींत फॉस्फरस किती आहे हे अचूक मोजायची सोपी रीत या दोघांनी १९२५ साली प्रसिद्ध केली. ही रीत फिस्क-सुब्बाराव पद्धत या नावाने प्रयोगशाळांतून आजही शिकवतात. मोजमाप हाती आले तसे दडलेले पदार्थही दिसू लागले. १९२७ साली स्नायूंमध्ये फॉस्फोक्रिएटिन सापडले. १९२९ साली ए.टी.पी. हा पदार्थ त्यांनी स्नायूंतून वेगळा काढला; त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे तो काढला. आपण हात उचलतो, पापणी लवते, विचारदेखील करतो, तेव्हा शरीर जी शक्ती खर्चते ती ए.टी.पी.च्या रूपाने. धान्य कोठारात कितीही असले तरी भाजीवाली हातातले नाणे मागते. तसे खाल्लेल्या अन्नाचे पेशीला चालणारे नाणे म्हणजे हा ए.टी.पी. १९३० साली सुब्बारावांना पीएच.डी. मिळाली.

एवढे होऊनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. फिस्क यांचा स्वभावही या कामी आडवा आला असावा. हार्वर्डला त्यांच्याच विभागात शिकलेले आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले जॉर्ज हिचिंग्ज यांनी लिहून ठेवले आहे की, सुब्बारावांनी वेगळे काढलेले काही पदार्थ फिस्क यांनी मत्सरापोटी प्रकाशात येऊच दिले नाहीत, आणि पुढे दुसऱ्यांना ते नव्याने शोधावे लागले. दुसऱ्याने वाढलेल्या पंक्तीला आपल्या नावाचे आमंत्रण काढणारे लोक विद्वानांतही असतात, एवढेच म्हणायचे.

१९४० साली सुब्बाराव न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथे लेडर्ली या औषध कंपनीत गेले आणि लवकरच तेथील संशोधनाचे प्रमुख झाले. विद्यापीठ सोडून कारखान्यात जाणे पंडितांच्या दृष्टीने कमीपणाचे. पण येथे त्यांना माणसे मिळाली, साधने मिळाली, आणि मनात कित्येक वर्षे धरून ठेवलेले काम करायची मोकळीक मिळाली.

ते काम होते रक्ताचे. १९२६ साली बोस्टनच्याच डॉक्टरांनी एका घातक पंडुरोगावर कच्चे काळीज खायला घालून रोगी वाचवले होते, तेव्हापासून काळजात असे काय आहे, हे शोधण्यात पुष्कळजण गुंतले होते. सुब्बारावही त्यांपैकी एक.

आता मी आपल्याला बोस्टनहून थेट मुंबईला परळला आणणार आहे, कारण या गोष्टीचा एक धागा तेथे कातला गेला आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या बायकांना गरोदरपणी एक भयंकर पंडुरोग होई. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने अवाजवी मोठ्या होत. चेहरा पांढराफटक पडे, धाप लागे, आणि कित्येक बाळंतपणातच जात. हाफकिन संस्थेत बसून विल्सबाईंनी या बायकांच्या रक्ताचा आणि ताटाचा अभ्यास केला. त्या काय खातात, किती खातात, भाज्या-फळे मिळतात की नाही, हे सारे पाहिले. पुढे कुन्नूर आणि मद्रास येथेही त्यांनी हे काम चालवले. शेवटी असे दिसून आले की, मार्माइट नावाचा यीस्टचा अर्क दिला की हा पंडुरोग झपाट्याने हटतो. मार्माइट म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात तो काळपट, खारट लगदा. मोठे महागडे औषध नव्हे. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कात कोणता पदार्थ आहे, हे त्यांना कळले नाही. म्हणून वैद्यकात त्याला विल्सबाईंचा घटक असेच म्हणू लागले.

१९४१ साली अमेरिकेत काही संशोधकांनी चार टन पालकाच्या पानांतून एक पदार्थ चिमूटभर काढला आणि लॅटिनमध्ये पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल ठेवले. विल्सबाईंचा घटक, काळजातला एक घटक आणि पालकातला हा पदार्थ ही सारी एकाच घराण्यातली मंडळी, हे हळूहळू उलगडले. पण चार टन पालकातून चिमूटभर मिळणारे औषध कोणत्या गरिबाच्या तोंडी पडणार? सुब्बारावांच्या तुकडीने ते काळजातून व जंतूंच्या आंबवणातून शुद्ध केले, त्याची घडण ओळखली आणि १९४५ साली प्रयोगशाळेत साध्या रसायनांपासून तयार करून दाखवले. आज ते इतके स्वस्त आहे की सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला फुकट मिळते.

हे फॉलिक आम्ल त्या घातक पंडुरोगाचे खरे औषध मात्र निघाले नाही. ते पुढे बी-१२ या जीवनसत्त्वाच्या रूपाने १९४८ साली हाती आले. परंतु क्यूबातील स्प्रूच्या रोग्यांना जेव्हा हे नवे औषध दिले, तेव्हा त्यांची सोलवटलेली जीभ काही दिवसांत बरी होऊ लागली आणि रक्त भरून येऊ लागले. भीमावरमच्या दोन भावांना ज्या रोगाने नेले, त्यावरचे औषध तिसऱ्या भावाने वीसबावीस वर्षांनी शोधून आणले. वेंकम्मांच्या कानी हे गेले असते तर त्यांना काय वाटले असते, याचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

येथवर झाले ते जीव भरवणाऱ्या गोळीचे. आता पिवळ्या गोळीचे सांगते. आणि त्यासाठी पेशीच्या आत डोकावणे भाग आहे. आपल्या प्रत्येक पेशीत डी.एन.ए. नावाचा एक लांबच लांब धागा असतो; त्यात त्या पेशीची सारी कुंडली लिहिलेली असते. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी हा धागा दुप्पट करावा लागतो. त्यासाठी लागणारा माल तयार करताना फॉलिक आम्ल ओझ्याचा बैल होऊन राबते. म्हणून जेथे पेशी भराभर वाढतात तेथे ते फार लागते, जसे अस्थिमज्जेत रक्त तयार होताना, किंवा पोटात गर्भ वाढताना. पण भराभर वाढते असे आणखी एक आहे, ते म्हणजे कर्करोग. (डी.एन.ए.ची घडण १९५३ साली कळली. ही सारी मंडळी तिच्या आधी, जवळजवळ अंधारातच चाचपडत होती.)

बोस्टनच्या मुलांच्या इस्पितळात सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर होते. रक्ताच्या कर्करोगाने मुले त्यांच्यासमोर आठवड्या-दोन आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत मरत. पंडुरोगात फॉलिक आम्लाने रक्त सुधारते, तर येथेही सुधारेल असे त्यांना वाटले, आणि सुब्बारावांकडून आलेली फॉलिक आम्लाची भावंडे त्यांनी या मुलांना दिली. घडले उलटेच. रोग थांबण्याऐवजी जोराने धावू लागला. हे मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसले. ती मुले, त्यांच्या उशाशी बसलेल्या आया! आजच्या नियमांप्रमाणे असा प्रयोग कोणी इतक्या सहजासहजी करू शकणार नाही, आणि करू नये असेच मीही म्हणेन. फार्बर यांच्या बाजूने एवढेच सांगता येईल की, त्यांनी ती चूक झाकली नाही. तिचा अर्थ लावला. ज्या खाद्याने रोग पोसतो, ते खाद्य तोडले तर?

पर्ल रिव्हरच्या प्रयोगशाळेत याचे साधन तयार होत होतेच. फॉलिक आम्लाच्या घडणीत एका ठिकाणचा एवढासा तुकडा बदलला की दिसायला तेच, पण काम न करणारे असे सोंग तयार होते. जात्यात दाण्यासारखाच दिसणारा खडा गेला तर दाणा समजून जाते त्याला धरते आणि तेथेच अडते, अगदी तसे. १९४७ साली डोरिस सीगर या रसायनशास्त्रज्ञ बाई आणि त्यांचे सहकारी यांनी असे एक सोंग प्रसिद्ध केले. त्याचे नाव अमिनॉप्टेरिन. माझी मेथोट्रेक्सेट ही त्याचीच धाकटी बहीण, त्याच घरात जन्मलेली.

डिसेंबर १९४७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये एका अत्यवस्थ लहान मुलाला अमिनॉप्टेरिन टोचले. काही दिवसांतच रक्तातल्या रोगट पेशी उतरू लागल्या. फुगलेले पोट ओसरले, मूल पुन्हा पायांवर उभे राहिले. फार्बर यांनी ३ जून १९४८ रोजी आपला लेख प्रसिद्ध केला. सोळा मुलांना औषध दिले होते. त्यांपैकी दहांना उतार पडला होता. लेखाच्या मथळ्यातच त्यांनी हा उतार तात्पुरता असल्याचे स्वच्छ लिहिले, हे मला फार आवडले. तो तात्पुरताच होता. महिन्या-दोन महिन्यांनी रोग उलटे, आणि मुले जात. पण त्यापूर्वी हा रोग औषधाने मागे हटल्याचे असे कोणी पाहिले नव्हते. महिना-दोन महिने जास्त खेळलेले मूल आईला काय असते, हे बाईमाणसाला निराळे सांगायला नको.

पुढची कथा थोडक्यात सांगते. अनेक औषधे एकत्र द्यायची युक्ती निघाली, आणि आज प्रगत देशांत या रोगाच्या सर्वसाधारण प्रकारातील दहांपैकी नवाच्या आसपास मुले वाचतात. त्यांच्या औषधांत मेथोट्रेक्सेट आजही असते. १९५१ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम इस्पितळातील डॉ. जेन राइट या कृष्णवर्णीय बाईंनी स्तनांच्या कर्करोगावर तिचा उपयोग दाखवला. आणि १९५६ साली अमेरिकेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी आणखी एक गोष्ट केली, जी प्रत्येक बाईला ठाऊक असावी. वारेच्या पेशींतून होणारा एक कर्करोग असतो. द्राक्षगर्भ पडल्यानंतर तो कधी कधी होतो, फुप्फुसांत पसरतो, आणि तरण्याताठ्या मुली त्याने जात. मेथोट्रेक्सेटने तो नाहीसा झाला, परत आला नाही. शरीरात गाठ करून पसरणारा कर्करोग केवळ औषधाने समूळ बरा झाल्याचे हे पहिले उदाहरण. माझ्या आमवाताला ती गोळी देण्याची मान्यता अमेरिकेत १९८८ साली मिळाली.

एवढ्यावर सुब्बारावांचे काम संपत नाही. हत्तीपाय रोगावरचे हेट्राझान हे औषध १९४७ साली त्यांच्याच प्रयोगशाळेतून निघाले. त्याचे शास्त्रीय नाव डी.ई.सी.; आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर भागांत घरोघर जाऊन हत्तीरोगाच्या ज्या गोळ्या वाटतात त्यांत हेच असते. कालव्यांच्या काठी लहानपणी जे सुजलेले पाय पाहिले होते, त्यांची आठवण या मनुष्याने अमेरिकेत नेली आणि औषधाच्या रूपाने परत पाठवली. बेंजामिन डुगर या वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञांनी शेतातल्या मातीच्या नमुन्यातून ऑरिओमायसिन हे औषध शोधले, तेही सुब्बारावांच्या देखरेखीखाली. टेट्रासायक्लिनच्या घराण्यातले हे पहिले. जुलै १९४८ मध्ये त्याची न्यूयॉर्कच्या विद्वत्सभेत जाहीर माहिती दिली गेली.

त्यानंतर तीन आठवडेही गेले नाहीत. ८ ऑगस्ट १९४८ रोजी, रविवारी, सुब्बाराव हृदयविकाराने गेले. वय त्रेपन्न. फार्बर यांचा लेख प्रसिद्ध होऊन दोन महिने झाले होते, आणि हिंदुस्थान स्वतंत्र होऊन वर्ष पुरे व्हायला एक आठवडा उरला होता. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी घेतलेच नव्हते.

आता शेषगिरीबाईंचे.

पती परदेशी गेल्यावर त्यांना मुलगा झाला. तो तान्हेपणीच गेला. बापाने त्याला पाहिले नाही. पतिपत्नींची पुन्हा भेट झाली नाही. शिकून परत यायचे म्हणून गेलेला नवरा एक वर्ष, दोन वर्षे, दहा वर्षे, पंचवीस वर्षे आला नाही. आणि मग तो आता येणारच नाही अशी बातमी आली. १९२३ पासून १९४८ पर्यंत. ज्या सासऱ्यांनी पैसे उभे करून जावयाला बोटीत बसवून दिले, त्यांनी आपल्या मुलीच्या तोंडाकडे रोज कसे पाहिले असेल?

मी सुब्बारावांना दोष देऊ की न देऊ, हे माझे मलाच ठरवता आलेले नाही. सुरुवातीला पैसा नव्हता, नंतर काम होते, मग महायुद्ध होते. कारणे सारी खरी आहेत. काशीला पळून निघालेला, संन्यास घेऊ पाहणारा तो मुलगा होता. घरात रमणारा नव्हताच, असेही म्हणता येईल. आईने भगवी वस्त्रे नाकारली, तरी संन्यास त्याने घेतलाच. फक्त त्याची दीक्षा प्रयोगशाळेत झाली, आणि त्यासाठी पत्नीची अनुज्ञा कोणी विचारली नाही. आमच्या मधल्या जाऊबाईंपाशी मी हे बोलले, तेव्हा त्या म्हणाल्या की त्याने लाखो लेकरे वाचवली, एका बाईचे काय घेऊन बसलीस? मला ते पटले नाही. आणि तो आला असता तर ती लेकरे कोणी वाचवली असती, याचे उत्तरही माझ्यापाशी नाही.

सुब्बारावांच्या नावाने शास्त्रज्ञांनी एका बुरशीला सुब्बारोमायसिस असे नाव दिले आहे. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९९५ साली, आपल्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. माझ्या फळीवरच्या दोन डब्यांवर नातीने रविवार आणि सोमवार अशी दोन चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. परवा मी तिला रविवारच्या डब्याखाली सुब्बाराव असे लिहायला सांगितले. सोमवारच्या डब्याखाली तिने, मी न सांगताच, शेषगिरी असे लिहिले.